राखणीला कुत्रा घ्यायचाय? नर की मादी, आधी हे वाचा



गेल्या काही महिन्यांत गटांच्या बैठकीत बचत, कर्ज, हप्ता हे विषय संपले की एक विषय हमखास निघतो. राखणीचा कुत्रा. कारणही तसंच आहे. गटातून कर्ज काढून कुणी शेळ्या घेतल्या, कुणी कोंबड्या. घरचा माणूस कामाला शहरात. मग रात्री खुट्ट झालं तरी झोप उडते. बिबट्या आला का? चोर आला का? शेळी गेली तर हप्ता कुठून भरायचा?

मग ताई म्हणतात, "मॅडम, चांगल्या जातीचं पिल्लू बघा ना. पण नरच बघा हं. मादीची कटकट नको."

मी राहायला मुंबईत, वाकोल्याला. तिथल्या चाळीतही हेच ऐकते. "नर आहे का? मग घेतो." गाव असो की सांताक्रूझ, कुत्रा घेताना नरच लागतो. का, असं विचारलं तर उत्तरं ठरलेली: नर ताकदवान, नर राखण करतो, मादी व्याली की पिल्लांचं काय करायचं. यातलं काही खरं आहे, काही अर्धं खरं आहे आणि काही साफ चुकीचं आहे. ते आज एकेक करून बघूया. मी समाजकार्य शिकलेय, जनावरांची डॉक्टर नाही. त्यामुळे औषधाचं, ऑपरेशनचं शेवटचं विचारायचं ते पशुवैद्यकीय दवाखान्यात. पण विचारायचं काय, हे माहीत असलं की अर्धं काम होतं.

आधी ठरवा: राखण म्हणजे नेमकं काय हवंय?

राखणीत दोन कामं असतात. एक, आवाज देणं. अनोळखी माणूस आला, जनावर आलं, की भुंकून घर जागं करायचं. दुसरं, अंगावर जाणं.

आपल्याला बहुतेक वेळा पहिलंच काम हवं असतं. रात्री दोन वाजता कुत्रं भुंकलं, आपण दिवा लावला, आवाज दिला, की चोर पळतो. दुसऱ्या कामासाठी कुत्र्याला शिकवावं लागतं, रोज वेळ द्यावा लागतो आणि त्याला आवरणारा माणूस घरात लागतो. न शिकवलेलं, अंगावर जाणारं कुत्रं चोराला चावेल की नाही ठाऊक नाही. पण पोस्टमनला, शेजारच्या पोराला, आशाताईला नक्की चावतं.

आणि भुंकण्याच्या कामात नर आणि मादी यांच्यात फरक नाही. मादीचे कान तितकेच तिखट, नाक तितकंच तेज.

बिबट्याचं काय?

हे जरा नीट वाचा. कुत्रा पाळला म्हणजे बिबट्यापासून शेळ्या वाचल्या, असं होत नाही. बिबट्याचं आवडतं खाणं कुत्राच आहे.

आपल्याच राज्यात, अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले भागात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्या काय खातो याचा अभ्यास केला. २०१४ मध्ये तो छापून आला. बिबट्याच्या एकूण खाण्यात वजनाने ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला आणि शेळ्यांचा फक्त ११ टक्के. गंमत म्हणजे त्या भागात शेळ्या कुत्र्यांपेक्षा सातपट जास्त होत्या. मग असं का? शेळ्या रात्री आत कोंडलेल्या असतात आणि कुत्री बाहेर मोकळी असतात, हे त्याचं एक मोठं कारण असावं, असं अभ्यासकांना वाटतं.

मुंबईतही हेच. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला आणि आरेच्या पाड्यांवर बिबटे येतात ते मुख्यतः कुत्र्यांच्या मागे. म्हणून शेळ्यांची खरी राखण करतो तो पक्का वाडा: वरून झाकलेला, बाजूने जाळी, दाराला कडी. कुत्रा हा त्यानंतरचा. आणि त्या कुत्र्यालाही रात्री ओटीवर साखळीला बांधून ठेवू नका. बांधलेला कुत्रा पळू शकत नाही. तो वाड्यात शेळ्यांबरोबर नाहीतर घरात घ्या. आतून भुंकला तरी आवाज येतोच. हिमालयातले मेंढपाळ आपल्या मोठ्या कुत्र्यांच्या गळ्यातही खिळ्यांचा लोखंडी पट्टा घालतात, बिबट्याने मान धरू नये म्हणून. एवढ्या दांडग्या कुत्र्यालाही बिबट्यापुढे पट्टा लागतो, मग आपल्याकडचा नर "ताकदवान" म्हणून काय टिकणार?

बिबट्या दिसला किंवा शेळी नेली तर वन विभागाचा १९२६ हा नंबर लक्षात ठेवा. मेलेलं जनावर हलवू नका, लगेच वनरक्षकाला कळवा, पंचनामा करून घ्या. भरपाई पंचनाम्यावर मिळते.

नर घेतला तर

नर अंगाने मोठा असतो हे खरं. उदाहरणार्थ, जर्मन शेफर्डचा नर खांद्याशी ६० ते ६५ सेंटिमीटर उंच आणि ३० ते ४० किलोचा. मादी ५५ ते ६० सेंटिमीटर आणि २२ ते ३२ किलोची. दिसायला नर दांडगा, चोराला दुरूनच धाक बसतो. हा नराचा फायदा आहे, तो मान्य करू.

पण बाकीचा हिशोब बघा. वजन जास्त म्हणजे खाणं जास्त. आवरायला जोर जास्त. नर जागोजागी तंगडी वर करतो, दार, सायकल, धान्याचं पोतं काही सोडत नाही. दुसऱ्या नराशी भांडतो. आणि सगळ्यात मोठी गोष्ट: आसपास कुठे मादी माजावर आली की नसबंदी न केलेला नर घर सोडतो. भादव्यात काय होतं हे मी तुम्हाला सांगायला नको. चार-चार दिवस पत्ता नसतो, परत येतो तो फाटलेला कान आणि लंगडता पाय घेऊन. म्हणजे ज्या रात्री राखण हवी त्या रात्री राखणदारच गावाच्या वेशीबाहेर!

मादी घेतली तर

मादी साधारण घराजवळ राहते, फिरायला लांब जात नाही. लवकर समजूतदार होते, शिकवलेलं लवकर घेते असं पाळणारे सांगतात. अर्थात प्रत्येक कुत्र्याचा स्वभाव वेगळा. गरीब नर असतात आणि तापट माद्याही असतात. खाणं थोडं कमी लागतं.

अडचण आहे ती माजाची. मादी साधारण सहा महिन्यांपासून ते वर्षभरात पहिल्यांदा माजावर येते, मोठ्या जातीत आणखी उशिरा. पुढे साधारण सहा-सात महिन्यांनी पुन्हा. गावठी कुत्र्यांमध्ये मात्र बराचसा माज पावसाळा सरताना, भादव्याच्या सुमारास येतो. माज दोन-तीन आठवडे चालतो. रक्त जातं, दारात नरांची रांग लागते, भांडणं होतात. त्या दिवसांत लहान मुलांना तिथे फिरकू देऊ नये. लागली तर साधारण ६३ दिवसांनी विते, म्हणजे कार्तिक-मार्गशीर्षात गल्लीत पिल्लंच पिल्लं.

ही कटकट खरी आहे. मी नाही म्हणत नाही. पण तिला उपाय आहे, आणि तो एकदाच करायचा आहे.

नसबंदी: अर्धे प्रश्न इथेच सुटतात

मादीची नसबंदी केली की माज नाही, रक्त नाही, दारात रांग नाही, पिल्लं नाहीत. गर्भाशयात पू होण्याचा धोका जवळजवळ संपतो. हा आजार न व्यालेल्या, मोठ्या वयाच्या माद्यांना माज संपल्यावर एक-दोन महिन्यांत होऊ शकतो आणि जीव घेतो. मादी एकदम खूप पाणी प्यायला लागली, खाणं सोडलं, पोट फुगलं, मागून पिवळट किंवा लालसर घाण जाते, असं दिसलं तर थांबू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

नराची नसबंदी केली की त्याचं मादीमागे भटकणं बरंच कमी होतं. भटकणं कमी झालं की भांडणं, गाडीखाली येणं आणि संगातून पसरणाऱ्या गाठी हेही कमी होतं. या गाठींत कुत्र्याच्या लघवीच्या जागी फुलकोबीसारखं मांस वाढतं आणि रक्त गळतं. ते दिसलं तर लाजू नका, डॉक्टरांना दाखवा. औषधाने बरं होतं.

आता दोन गैरसमज.

"नसबंदी केली की कुत्रा राखण करत नाही, मऊ पडतो." असं नाही. आपलं घर, आपली माणसं, अनोळखी पाऊल ओळखणं हे त्याच्या स्वभावात आहे, ते ऑपरेशनने जात नाही. जातं ते भटकणं. एक मात्र आहे, नसबंदीनंतर अंगाला मांस धरतं, म्हणून खाणं थोडं बेताने द्यायचं.

"एकदा तरी व्यायला हवी, नाहीतर मादी आजारी पडते." याला काही आधार नाही.

आणि एक सावधगिरीची गोष्ट. माज थांबवायचं इंजेक्शन मिळतं, स्वस्तही पडतं. पण त्यानेच गर्भाशयात पू होण्याचा धोका वाढतो. कुणी सुचवलं तर सरळ नाही म्हणा, ऑपरेशनचं विचारा.

कधी करायची? गावठी मादीची साधारण सहा महिन्यांच्या आसपास करतात. मोठ्या जातीत डॉक्टर थोडं थांबायला सांगतात. माजावर असताना शक्यतो टाळतात. ऑपरेशन झाल्यावर आठ-दहा दिवस टाके सांभाळायचे, चाटू द्यायचे नाहीत, ओलं होऊ द्यायचं नाही. नराचं ऑपरेशन सोपं असतं, मादीचं पोट उघडावं लागतं. म्हणून हा खर्च मादीला थोडा जास्त येतो, तो आधीच धरून चाला.

"मादी राखण करत नाही" म्हणणाऱ्यांसाठी

१९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांच्या वेळी पोलिसांचा जंजीर हा कुत्रा गाजला होता. स्फोटकं शोधून त्याने कितीतरी जीव वाचवले. जंजीर लॅब्राडॉर जातीचा नर होता.

मानसीचं नाव मात्र फार कुणी ऐकलेलं नसतं. मानसी सैन्यातली, तीही लॅब्राडॉर, पण मादी. २०१५ मध्ये काश्मीरमध्ये घुसखोरांचा माग काढताना ती आणि तिला सांभाळणारा जवान दोघेही गोळीबारात मारले गेले. सैन्याने तिच्या कामगिरीची अधिकृत नोंद घेऊन तिचा मान केला. सैन्य सीमेवर मादीवर भरवसा ठेवतं, मग आपल्या सात शेळ्यांच्या वाड्यासाठी का नाही?

जात कोणती?

बऱ्याच जणींना मोबाईलवर बघून रॉटवायलर हवा असतो. त्याचा नर ५० किलोपर्यंत जातो. उन्हाचा त्रास होतो, खाणं भरपूर लागतं आणि रोज शिकवावं लागतं. शहरात अशी कुत्री दहा बाय बाराच्या खोलीत दिवसभर बांधलेली दिसतात. बांधून बांधून ती चिडखोर होतात आणि मग आवरेनाशी झाली की कुणीतरी ती गावाकडे "शेतावर राहील" म्हणून पाठवतं. असं फुकट आलेलं मोठं कुत्रं घेताना शंभरदा विचार करा. ते का पाठवलं, कुणाला चावलंय का, हे स्पष्ट विचारा.

कायद्याचंही बघा. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने पिटबुल, रॉटवायलर अशा २३ जातींच्या विक्रीला आणि पैदाशीला परवानगी देऊ नका, असं पत्र राज्यांना पाठवलं. एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते पत्र रद्द केलं. म्हणजे यावर कोर्टकचेरी झालेली आहे. पण जात कुठलीही असो, जबाबदारी मालकाचीच. आपल्या जनावरापासून दुसऱ्याच्या जिवाला धोका होऊ नये याची काळजी घेतली नाही, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. "कुत्रा माझ्या नवऱ्याने आणला" हे उत्तर चालत नाही. मुंबईत पाळीव कुत्र्याला महापालिकेचा परवाना लागतो. तुमच्या गावात काय नियम आहे ते ग्रामपंचायतीत विचारून घ्या.

आपल्या दख्खनची जात म्हणजे कारवान, त्यालाच मुधोळ म्हणतात. मुधोळ हे घोरपड्यांचं संस्थान, आज कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यात आहे. २००५ मध्ये टपाल खात्याने या कुत्र्याचं तिकीटही काढलं. सडपातळ, लांब पायांचा, वाऱ्यासारखा पळणारा. आपल्या हवेला पक्का. पण तो मुळात पळणाऱ्या शिकारीमागे जाणारा कुत्रा आहे. त्याला मोकळं रान लागतं, बांधून ठेवला तर कुढतो. आणि ससे-हरणांमागे सोडला तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली केस आपल्यावर होते.

राहिलं आपलं गावठी कुत्रं. भाकरी, ताक-भात, उकडलेलं अंडं यावर जगतं, आपली हवा मानवते, आजार कमी, झोप सावध. आवाज देण्याच्या कामाला याच्यासारखं दुसरं नाही. धनगरांच्या कळपाबरोबर चालणारी कुत्री बघा, कुणी दुकानातून आणलेली नसतात.

हिशोब मांडून बघा

गटात आपण शिकलोय की वस्तूची किंमत म्हणजे नुसती विकत घ्यायची किंमत नाही. कुत्र्याचंही तसंच.

समजा रोजचं खाणं २० रुपयांचं. महिन्याला ६०० आणि वर्षाला ७,३०० रुपयांच्या घरात. मोठ्या जातीच्या नराचं खाणं ५० रुपये धरलं तर महिन्याला १,५०० आणि वर्षाला १८,००० च्या वर. त्यात दरवर्षीची लस, जंताचं औषध, गोचिडाचं औषध आणि एकदाची नसबंदी धरा. कुत्रं दहा-बारा वर्षं जगतं, हेही लक्षात ठेवा.

आता कर्ज. समजा जातीचं पिल्लू १५,००० ला सांगितलं आणि गटातून २ टक्के महिना व्याजाने घेतलं. मुद्दल फेडलं नाही तर महिन्याला ३०० रुपये नुसतं व्याज, वर्षाला ३,६००. शेळी पैसे देते, कुत्रा पैसे देत नाही. म्हणून माझं सांगणं असं: कुत्र्यासाठी कर्ज काढू नका. तेच पैसे आधी वाड्याच्या जाळीला आणि शेळ्यांच्या विम्याला घाला.

कुणी काय घ्यावं?

वाकोल्यात राहणाऱ्या एका ताईंची सासू कोकणात गावच्या घरी एकटीच राहते, वय सत्तरच्या पुढे. ताईंच्या मुलांनी ठरवलं, आजीला मोठा नर देऊया, धाक राहील. मी त्यांना एकच विचारलं: त्याने साखळी ओढली तर आजी उभ्या राहतील का? पडून कमरेचं हाड मोडलं तर राखण कुणाची करायची? शेवटी शेजारच्या वाडीतली, नसबंदी केलेली मध्यम अंगाची गावठी मादी त्यांनी घेतली. आजी दळण आणायला जातात तेव्हा ती बरोबर जाते आणि रात्री पायरीशी न ठेवता माजघरात झोपवतात.

तुमचं घर बघून ठरवा:

- घरात म्हातारं माणूस, लहान मुलं, आवरायला बाईच एकटी: मध्यम अंगाची मादी, नसबंदी केलेली.
- घरात आधीच एक नर आहे: दुसरा नर आणू नका, मादी आणा आणि दोघांचीही नसबंदी करा. भाऊ-बहीण असले तरी करा, त्यांना नातं कळत नाही.
- घरात आधीच मादी आहे: दुसरी मादी आणली तर दोघींची जबर भांडणं होऊ शकतात, नर बरा.
- वस्तीपासून लांब शेत, रोज रात्री घरातलं तगडं माणूस तिथे मुक्कामाला, त्याला कुत्र्याची सवय: नर चालेल, पण नसबंदी करूनच.
- नसबंदीची सोय जवळपास नाही आणि नेणारं कुणी नाही: सध्या नर सोपा पडेल, पण भटकू देऊ नका. आणि गटाने मिळून पशुवैद्यकीय दवाखान्यात शिबिराची मागणी करा.

पिल्लू निवडताना

आठ आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडू नका. २०१७ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताही येत नाही. शक्य असेल तर आई बघा. आई शांत, माणसांत मिसळणारी असेल तर पिल्लं बहुधा तशीच निघतात. सगळ्यांवर धावून जाणारं पिल्लू "तेज" म्हणून घेऊ नका आणि कोपऱ्यात थरथरणारंही नको. टाळी वाजवल्यावर दचकतं, पण मग पुढे येऊन वास घेतं, ते पिल्लू राखणीला चांगलं. मधल्या वयात, म्हणजे पहिल्या तीन-चार महिन्यांत, त्याला घरातली मुलं, शेळ्या, कोंबड्या, मोटारसायकल सगळ्यांची ओळख करून द्या. शेळ्यांमध्ये वाढलेलं कुत्रं शेळ्यांना आपलं मानतं.

मारून, तिखट चारून, अंधारात कोंडून कुत्रं राखणीचं होत नाही. घाबरट होतं, आणि घाबरलेलं कुत्रं जास्त चावतं.

नर असो की मादी, हे चुकवायचं नाही

तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस, डॉक्टर सांगतील तेव्हा दुसरा डोस आणि मग दरवर्षी. कार्ड जपून ठेवा, बँकेच्या पासबुकासारखं.

कुठलंही कुत्रं चावलं, ओरखडलं, अगदी घरचं असलं तरी: जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, मिरची, तेल काही लावायचं नाही. बाबाकडे, उतारा काढणाऱ्याकडे जायचं नाही. सरळ प्राथमिक आरोग्य केंद्र. तिथे लस मोफत मिळते. डॉक्टरांनी सांगितलेले सगळे डोस त्या-त्या तारखेला घ्यायचेच, "बरं वाटतंय" म्हणून मधे सोडायचे नाहीत. जखम खोल असेल, रक्त आलं असेल, तर लसीबरोबर जखमेत द्यायचं वेगळं औषध लागतं, ते विचारा. इथे नसेल तर जिल्हा रुग्णालयात पाठवतात, त्याच दिवशी जा. रेबीजची लक्षणं दिसायला लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. लस वेळेत घेतली तर वाचतो. एवढा सरळ हिशोब आहे.

शेवटचं, पण मनातलं

गावात व्यालेल्या कुत्रीची पिल्लं लोक बघायला येतात. शेपटी वर करून नर कोणता ते बघतात आणि तेवढाच उचलतात. माद्या राहतात. मग कुणीतरी त्या गोणीत भरतं आणि वेशीवर, ओढ्याकाठी, हायवेच्या कडेला सोडून येतं. त्यातल्या जगतात त्या दोन वर्षांत स्वतः वितात. मग आपणच म्हणतो, गावात कुत्री फार झाली, पोरांना चावतात.

"मादी नको, कटकट नको," हे वाक्य आपण बायकांनी कुठेतरी वेगळ्या जागीही ऐकलेलं आहे. जास्त बोलत नाही. मादी घ्याच असा माझा आग्रह नाही. घर बघा, हिशोब बघा आणि मग ठरवा. फक्त "मादी आहे" एवढ्या एकाच कारणासाठी नको म्हणू नका.

पुढच्या बैठकीत पाच मिनिटं काढून एवढं करा:

१. गटातल्या किती जणींकडे कुत्रं आहे, त्यातली लस किती जणांची झाली, ते रजिस्टरच्या मागच्या पानावर लिहा.
२. रात्री शेळ्या बंद वाड्यात असतात का, जाळी कुणाची फाटलीय, ते बघा.
३. नसबंदी करायची असलेल्या कुत्र्यांची यादी करा. दहा-बारा नावं झाली की ग्रामसंघाचा ठराव करून पशुवैद्यकीय दवाखान्याला अर्ज द्या. एकटीच्या अर्जापेक्षा ठरावाला वजन असतं.
४. आरोग्य केंद्रात रेबीजची लस शिल्लक आहे का, हे आशाताईंना विचारून ठेवा. चावल्यावर विचारण्यापेक्षा आधी विचारलेलं बरं.

यादी तयार झाली की मला कळवा. अर्जाचा मसुदा आपण बैठकीत बसूनच लिहू.

तुमची,
क्षेत्र समन्वयक